नाही म्हणण्याच्या तऱ्हा

‘नाही मावशी, मी नास्तिक नाहीये,’ असं आरोही म्हणाली तेव्हा नवनाथच्या हातात शेवग्याच्या शेंगा होत्या. त्या त्यानं पिशवीत टाकल्या नाहीत की परत पाटीत ठेवल्या नाहीत. काठी धरावी तशा धरून तो नुसता उभा राहिला. मागून कुणीतरी ‘सरका की काका’ म्हणत होतं, शेजारच्या पालावर मिरच्यांचं पोतं ओतलं जात होतं, नाकात ठसका जाऊन दोघंतिघं शिंकत होते, आणि बीडच्या त्या मंडईत नवनाथला अचानक सगळं लांबून ऐकू यायला लागलं. भाजीवाल्या म्हातारीशी त्याचा वर्षानुवर्षांचा खेळ होता. पिशवीत कोथिंबीर टाकताना ती म्हणायची, ‘देव तुमचं भलं करो, साहेब,’ आणि तो म्हणायचा, ‘देव राहू द्या मावशी, वांगी किडकी देऊ नका, म्हणजे झालंच भलं.’ ती खळखळून हसायची. वीज कंपनीतला नास्तिक साहेब म्हणून त्याला सगळी मंडई ओळखायची, आणि रिटायर झाल्यावर त्यातलं ‘साहेब’ थोडं पातळ झालं तरी ‘नास्तिक’ तसंच घट्ट राहिलं होतं. आज आरोही बरोबर होती. तिचं लग्न परवावर आलेलं, म्हणून म्हातारीनं मूठभर कढीपत्ता जास्त टाकला आणि कौतुकानं विचारलं, ‘आन् काय गं, तूबी बापावानीच का? देवबिव काई न्हाई?’ आरोही पेरू खात होती. घास गिळून तिनं ते वाक्य म्हटलं, भेंडी नको म्हणावं इतक्या सहज. म्हातारी खूश झाली. ‘मंजी मानतीस!’ ‘तसंही नाही मावशी. मला माहीतच नाही.’ म्हातारीनं नवनाथकडं पाहिलं, काळजीनं. ‘एवढी शिकलेली पोरगी, साहेब. आन् म्हाईत न्हाई म्हंती?’

त्यानं स्कूटर काढली. आरोही मागं बसली होती, भाजीची पिशवी दोघांच्या मध्ये, आणि पिशवीतनं वर आलेली शेंग त्याच्या पाठीला टोचत होती. ही तीच पोरगी, जिला त्यानं लहानपणी खांद्यावर बसवून गावोगावची देवळं दाखवली होती, आत न जाता, बाहेरूनच, दगड कसे रचलेत ते सांगत. परीक्षेला जाताना कधी अंगारा लावला नाही, मांजर आडवं गेलं की मुद्दाम दोन पावलं पुढं टाकायची. आता ती कॉलेजात गणित शिकवत होती. सिद्ध झालं म्हणजे झालं, नाहीतर नाही, असं म्हणणारा विषय. आणि तिला माहीत नाही. माळकऱ्याच्या पोरानं माळ काढून खुंटीला टांगली की बापाच्या पोटात जे होतं म्हणतात, ते नवनाथला सुभाष रोडवर, एका रिक्षाच्या मागं अडकलेल्या अवस्थेत, स्वच्छ कळलं, आणि ते कळल्याची त्याला लाज वाटली. ‘टेस्टर लावला,’ तो अखेर मान अर्धी वळवून म्हणाला, ‘की दिवा लागतो किंवा लागत नाही. तिसरं काही नसतं.’ आरोहीला संदर्भ विचारावा लागला नाही. ती त्याच्या कानाशी ओरडून म्हणाली, ‘आणि टेस्टरच बिघडलेला असला तर, पप्पा?’ ‘म्हणजे तुझं तळ्यात-मळ्यात.’ ‘असू द्या की. खेळ तोच तर आहे!’ ती हसली, आणि तिच्या हसण्यानं शेंग आणखी जोरात टोचली. ‘पप्पा, तुम्ही बघून आल्यासारखं नाही म्हणता. आजी बघून आल्यासारखं हाय म्हणायची. मी कुठं गेलेच नाही, तर काय सांगू? आणि खरं सांगू का, मला न माहीत असणं आवडतं. रात्री गच्चीवर झोपल्यावर वर बघून कसं गार वाटतं, तसं वाटतं.’ यावर त्याच्याकडं उत्तर तयार होतं, चाळीस वर्षं घासून गुळगुळीत झालेलं. पण रिक्षा सुटली, गाडी पुढं न्यावी लागली, आणि ते तोंडात राहिलं. मग घराच्या वळणावर तिनं दुसरी गोष्ट सांगितली, पहिलीपेक्षाही सहज. ‘परवा बुद्धवंदनेच्या आधी मेणबत्ती लावायची असते. दोन्हीकडच्या पालकांनी, म्हणजे पौर्णिमाकाकू, मम्मी आणि तुम्ही. चालेल ना?’

चालेल ना. नवनाथनं आयुष्यात कशापुढं हात जोडले नव्हते. नेकनूरला शाळेत असताना तो एकदा मारुतीच्या देवळात गेला, तिथं कुणीतरी ठेवलेला नैवेद्य होता, पुरणाची पोळी, तुपानं मऊ झालेली; ती त्यानं खाल्ली, सगळी, बोटं चाटून, आणि मग शिक्षा कधी होते ते बघायला चिंचेखाली जाऊन बसला. भीती तर होतीच. पोटात गोळा आला होता, तो भीतीचा की पुरणाचा हे कळत नव्हतं. उन्हाची तिरीप पायावर आली, गुडघ्यावर आली, एक होला येऊन समोर दाणे टिपून गेला, वडार वस्तीवरची गाढवं पाण्याला जाऊन परत आली. काहीच झालं नाही. आणि ते काहीच न होणं हळूहळू एवढं मोठं झालं, एवढं मोकळं झालं, की तो उठून शेतातनं पळत सुटला होता, कारण नसताना, ढेकळांवरनं, नुसता हसत. ती पळण्याची चव त्याला अजून आठवत होती. लोकांना वाटायचं, नास्तिक माणूस म्हणजे आंबट तोंडाचा, काहीतरी गमावलेला. त्याला कुणालाच समजावून सांगता आलं नव्हतं की त्या दुपारी त्याला काहीतरी मिळालं होतं. आईला सांगायचा प्रयत्न केला होता. तिचं नाव दगडाबाई; तिच्या आधीची भावंडं जगली नव्हती, म्हणून दगड म्हटलं तर ही तरी टिकेल या आशेनं ठेवलेलं. तिनं नवस करून झालेल्या मुलाचं नाव नवनाथ ठेवलं आणि तोच उठून देव नाही म्हणाला. ती रागावली नाही. भाकरी थापता थापता तिनं विचार केला आणि म्हणाली, ‘नको मानू, बाबा. पर जरा हळू बोल. त्येला आयकू जाईन.’ थोरला भाऊ बंकट, म्हणजे अण्णा, तिथंच जेवत होता, तो मात्र ताटावरनं उठला होता. अण्णा पुढं माळकरी झाला, दर अष्टमी-एकादशीला नारायणगडावर जाणारा, आणि दोघं भाऊ एकमेकांशी पावसापाण्याचं, बैलांचं, विहिरीचं सगळं बोलायचे, ते एक सोडून. गेल्या महिन्यात नवनाथ आरोहीच्या लग्नाचं सांगायला नेकनूरला गेला. मुलगा बौद्ध आहे, जनावरांचा डॉक्टर आहे, सुगत नाव आहे, असं सरळ सांगितलं. अण्णानं सुपारी कातरायची थांबवली. ‘तुला देवाचं भ्याव न्हाई, तू कायबी करशील,’ तो म्हणाला. ‘मी येनार न्हाई.’ नवनाथला सांगावंसं वाटलं की यात देवाचा काय संबंध, तू जात म्हणतोयस आणि नाव देवाचं घेतोयस. पण वहिनी दारात उभी होती, डोळ्यांत पाणी आणून, आणि तो चहा न घेता परतीच्या गाडीत बसला होता.

‘लावायची मेणबत्ती,’ मनिषा म्हणाली. ती वाटाणे सोलत होती आणि तिच्या बोटांना वेळ नव्हता. ‘वारा आला, लाईट गेली, तर लावतोच ना आपण?’ ‘ती वेगळी,’ नवनाथ म्हणाला. ‘तिच्यापुढं मूर्ती नसते.’ ‘बरं मग नका लावू. मी लावते. तुम्ही हॉलच्या दारात उभं राहा, पाव्हण्यांना पाणी द्या.’ तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, हेच त्याला अवघड गेलं. मनिषाशी देवावरून त्याचं कधी भांडण झालं नाही. लग्नात त्यानं अट घातली होती की घरात देव्हारा राहणार नाही, आणि ती हो म्हणाली होती. देव्हारा राहिला नव्हताच. तिच्या माहेराहून आलेली पितळेची अन्नपूर्णा, अंगठ्याएवढी, तांदळाच्या डब्यात राहत होती, तांदळात गळ्यापर्यंत बुडालेली. पहिल्यांदा ती त्याच्या हाताला लागली तेव्हा आरोही पाळण्यात होती. मनिषा आजारी होती, खिचडी टाकायला त्यानं डब्यात हात घातला आणि बोटांना काहीतरी गार लागलं. त्यानं ती बाहेर काढली, पुसली, पाहिली आणि परत होती तशी ठेवली, वर तांदूळ सारखे केले. कधी बोलला नाही. डबा रिकामा व्हायला आला की तोच आधी नवे तांदूळ आणायचा, म्हणजे ती उघडी पडू नये. मनिषाला हे कळलं होतं का, याचा त्यानं कधीकधी विचार केला होता, बहुतेक अंघोळ करताना. आता तिच्या वाटाणे सोलणाऱ्या हातांकडं बघताना त्याच्या मनात आलं की आपल्या या स्वच्छ, निखळ, देव नसलेल्या घरात इतकी वर्षं एक बाई तांदळात उभी आहे आणि आपणच तिची राखण करतोय. तर एका मेणबत्तीचं एवढं ओझं का व्हावं? उत्तर त्याला माहीत होतं. डब्यातलं कुणी बघत नव्हतं. परवा सगळं बीड बघणार होतं. नास्तिक साहेबानं शेवटी हात जोडले, पोरीच्या लग्नात, म्हणणार होते. आणि म्हणणाऱ्यांत सगळ्यात पुढं तो स्वतःच असणार होता.

संध्याकाळी तो सुगतच्या आईकडं, पौर्णिमाबाईंकडं गेला. त्या सरकारी दवाखान्यातून हेडसिस्टर म्हणून निवृत्त झालेल्या. नवरा लवकर गेला, पोराला एकटीनं वाढवलेलं. दार उघडंच होतं. त्या पांढऱ्या साडीला इस्त्री करायच्या खटपटीत होत्या आणि प्लगमधून ठिणग्या उडत होत्या. ‘अहो, बंद करा!’ म्हणत नवनाथनं आधी बटण दाबलं, मग नमस्कार म्हणाला. ‘जय भीम, या,’ त्या म्हणाल्या, ‘येताच कामाला लागले, व्याही.’ स्क्रू ड्रायव्हर मिळाला, तो खाली बसला, प्लग उघडला, आणि हातात काम आल्यावर त्याला बोलता आलं. ‘ताई, एक विचारायचं होतं. तुम्ही देव मानत नाही. मीही मानत नाही. मग ती मेणबत्ती, फुलं, वंदना... मी त्या मूर्तीपुढं हात जोडू शकणार नाही. राग मानू नका. त्यांच्याविषयी आदर आहे. पण मला जमणार नाही.’ हे त्यानं स्क्रूकडं बघून सांगितलं. वर पाहिलं तर पौर्णिमाबाई हसत होत्या, पदर तोंडाला लावून. ‘मग नका जोडू की. तिथं कोन बसलंय बघाया? बुद्ध काय हजेरी घेत न्हाई. ते आमचं आमी सोताला सांगत असतो, हिंसा करू नको, चोरी करू नको, खोटं बोलू नको. इसरतं मानूस. म्हनून मिळून म्हनायचं.’ एवढं सोपं उत्तर नवनाथला नको होतं. तो वाद घालायला आला होता, आणि समोर दारच नव्हतं ढकलायला. ‘पण मिळून कशाला?’ तो म्हणाला. ‘नाही म्हणायला माणूस एकटा पुरतो. मी एकट्यानंच म्हटलं.’ आणि त्यानं त्यांना पुरणपोळीची गोष्ट सांगितली, चिंचेखालची, होला आणि गाढवांसकट. त्यांना ती फार आवडली. इतक्या हसल्या की आतून सुगत बाहेर आला, दवाखान्यातून आत्ताच आलेला, हाताला अजून जनावरांचा वास, आणि काय झालं म्हणून बघून गेला. मग त्या हसणं आवरून साडीची घडी मांडीवर घेऊन बसल्या.

‘आमचंबी तसंच झालं, पर तसं न्हाई झालं,’ त्या म्हणाल्या. ‘दिंद्रुडला आमच्या वस्तीनं छप्पनच्या नंतर देव काढले. आजोबा, सगळे. घराघरातले टाक, तसबिरी, एका पाटीत भरले आन् नदीला नेऊन सोडले. आमची आई तवा नवी नवरी. ती सांगायची, घरी आल्यावर त्या रिकाम्या देवळीकडं बघून लई भ्या वाटायचं. सासूबी गुपचूप रडायची. तुमी पोळी खाल्ली, काई झालं न्हाई, तुमी हसत पळाले. आमी देव सोडले तर झालं की. गावानं पानी बंद केलं. कामं बंद केली.’ त्यांच्या आवाजात कडवटपणा नव्हता. जुनं दुखणं वर्णन करताना सिस्टर लोकांचा होतो तसा नीटनेटका आवाज होता. ‘आता सांगा, एकट्यानं टिकलं असतं का ते? म्हनून सगळी वस्ती सांजच्याला एका जागी बसायची. एक दिवा लावायचे. कुनाला दाखवाया न्हाई. कोन कोन आलंय ते एकमेकाला दिसावं म्हनून. तुमचं न्हाई म्हननं तुमचं सोताचं हाय, व्याही. आमचं गावाच्या गावानं मिळून म्हनलेलं हाय. त्याला मेनबत्ती लागती.’ नवनाथ प्लगची तार हातात धरून बसला. त्याला आजवर वाटायचं की नाही म्हणजे एक मोकळं माळरान, ज्याच्या मधोमध तो एकटा उभा आहे, आणि बाकी सगळी माणसं लांब देवळांतून कोंडलेली. आता एकाच दिवसात त्या माळावर किती वर्दळ दिसायला लागली. भीत, उपाशी राहून, एकमेकांना धरून, नाही म्हटलेली एक अख्खी वस्ती तिथं आधीपासूनच होती. आणि त्याची स्वतःची पोरगी, जी नाहीही म्हणत नव्हती, आकाशाखाली गादी टाकून मजेत पडली होती. ‘आणि तुम्ही, डॉक्टर?’ त्यानं पाणी घेऊन आलेल्या सुगतला विचारलं, जणू आता सगळ्यांचाच निकाल लागायला हवा होता. सुगत विचारात पडला. ‘मला तो प्रश्नच पडत नाही, काका. गाय अडली की मी गाईकडं बघतो. नंतर भूक लागते.’ ‘असा हाय बघा,’ पौर्णिमाबाई म्हणाल्या, ‘वंदनेलाबी ह्याचं ध्यान जेवनाकडं.’ नवनाथला हसू आलं. ते पोटातून, कुठल्या तरी जुन्या जागेतून आलं, आणि येताना सकाळपासून अडकलेलं काहीतरी थोडं सैल करून गेलं. प्लग जोडून झाला. इस्त्री तापली. पण मेणबत्तीचं काय करायचं ते ठरलं नव्हतं, आणि हात जोडू नका म्हणून मोकळीक मिळाल्यावर ते जास्तच अवघड झालं होतं. कारण आता बंड करायलाही कुणी समोर उरलं नव्हतं.

लग्नाच्या दिवशी ऊन असं होतं की हॉलच्या पत्र्यांचा आवाज येत होता. नोंदणी आधीच झाली होती. सही करताना आरोहीनं जीभ दाताखाली धरली होती, लहानपणी अक्षर गिरवताना धरायची तशी. आता ती पांढऱ्या साडीत बसली होती आणि नवनाथला ओळखू येत नव्हती, आणि पुढच्याच क्षणी नाक खाजवताना एकदम ओळखू आली. माणसं भरपूर आली होती. वीज कंपनीतले जुने सोबती, पौर्णिमाबाईंच्या दवाखान्यातल्या सिस्टर, दिंद्रुडची अख्खी वस्ती टेम्पो करून. नेकनूरकडून कुणी नव्हतं. दारातून आत येणाऱ्या प्रत्येक पांढऱ्या टोपीकडं त्याची नजर जात होती आणि परत येत होती. टेबलावर पांढरं कापड, त्यावर बुद्धाची लहानशी मूर्ती, शेजारी बाबासाहेबांची तसबीर, फुलं. ‘वधूवरांच्या पालकांनी पुढं यावं,’ कुणीतरी माइकवर म्हणालं. मनिषानं त्याच्याकडं पाहिलंही नाही. ती उठली, पौर्णिमाबाई उठल्या, आणि नवनाथही उठला, कारण बसून राहणं म्हणजेही काहीतरी करणंच होतं. पायऱ्या चढताना त्याला आपले हात जाणवायला लागले, दोन्ही बाजूंना लोंबणारे, एकदम जड, दुसऱ्या कुणाचे असावेत तसे. ते कुठं ठेवायचे? मागं बांधले तर साहेबासारखं दिसलं असतं, पुढं घेतले तर नमस्कारासारखं. आणि मग पौर्णिमाबाईंनी काडी ओढली, आणि ती विझली. टेबलासमोर भलामोठा कूलर भणाणत होता, त्याचा सगळा झोत तिथंच येत होता. दुसरी काडी ओढली, तीही गेली. तिसरी मनिषानं ओढली. ‘कूलर बंद करा रे,’ कुणी ओरडलं, कूलरचं बटण सापडेना, पोरं वायर शोधत पळाली, लोक माना उंचावून बघायला लागले, आणि पौर्णिमाबाईंच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच थोडी घाई दिसली. नवनाथ पुढं झाला. त्यानं विचार केला नाही. भर वाऱ्यात, अंधारात खांबापाशी काडी पेटवून फ्यूज बघणारा माणूस तो. त्यानं दोन्ही तळव्यांची ओंजळ उभी धरली आणि मेणबत्तीच्या वातीभोवती आडोसा केला. ‘आता ओढा, ताई.’

काडी पेटली. वात आधी निळी झाली, मग पिवळी, मग सरळ उभी राहिली. त्याच्या तळहातांना तिची ऊब लागली, बोटांच्या फटींतून उजेड लाल दिसायला लागला, त्यात त्याच्याच हाडांच्या सावल्या. मागं सगळा हॉल उभा राहिला आणि एका आवाजात म्हणायला लागला. शब्द पाली होते, त्याला कळत नव्हते, पण त्या आवाजात म्हाताऱ्यांचा खरखरता सूर होता, पोरांचा किनरा होता, आणि दिंद्रुडच्या बायकांचा तो भक्कम, शेतातून हाक मारल्यासारखा सूर होता; तो पाठीवर येऊन आदळत होता आणि आदळताना ढकलत नव्हता, टेकत होता. पाण्याविना राहिलेली माणसं, त्याच्या मनात आलं. कोण कोण आलंय ते दिसावं म्हणून. कुणी वर ऐकत नव्हतं, याची त्याला आजही पुरती खात्री होती, आणि म्हणूनच, हे त्याला आत्ता, या क्षणी सुचत होतं, म्हणूनच ते इतकं मोठ्यानं म्हणावं लागत होतं, आणि म्हणूनच ते इतकं सुंदर होतं: त्या आवाजाला छताच्या पलीकडं कुठं जायचंच नव्हतं, तो सगळाच्या सगळा इथल्या माणसांसाठी होता. त्याला ढेकळांवरनं पळाल्यासारखं वाटलं. फरक एवढाच की या वेळी आजूबाजूला पुष्कळ जण पळत होते. ‘साधु, साधु, साधु,’ हॉल म्हणाला आणि खाली बसला. मनिषानं हळूच त्याच्या कोपराला धरलं. ‘कूलर कधीच बंद झालाय,’ ती म्हणाली. तो अजून ओंजळ धरून उभा होता. आरोही त्याच्याकडं बघून तोंड दाबून हसत होती, सुगत जेवणाच्या दाराकडं बघत होता, आणि खाली चार-पाच मोबाइल त्याच्यावर रोखलेले होते. फोटोत कसं दिसणार हे त्याला समजलं. जोडलेल्यासारखंच दिसणार. त्यानं हात खाली घेतले, अजिबात घाई न करता.

मग माइक त्याच्या पुढं आला. बापानं दोन शब्द बोलावेत. वीज कंपनीतले सोबती सरसावून बसले, कारण नास्तिक साहेब माइकवर आला की सोडत नाही हे त्यांना माहीत होतं, आणि त्याच्याकडंही भाषण तयार होतं, रात्रभर घोळवलेलं, विवेकावर. त्यानं माइक धरला. समोर घामेजलेले, भुकेजलेले, आनंदी चेहरे होते. ‘जेवल्याशिवाय कुणी जायचं नाही,’ तो म्हणाला आणि माइक परत दिला. टाळ्या एवढ्या पडल्या की त्याला स्वतःलाच आश्चर्य वाटलं.

एका बाजूला उभ्यानं जेवण होतं, पण म्हाताऱ्या माणसांसाठी मंडपात पंगत मांडली होती. नवनाथनं बुंदीची बादली घेतली. कुणी ‘अहो, तुम्ही मुलीचे वडील’ म्हणालं, तर त्यानं ऐकलं नाही. त्याला बसवतच नव्हतं. तो रांगेनं निघाला, प्रत्येक पत्रावळीपुढं वाकत, ‘घ्या, अजून घ्या, लाजू नका’ म्हणत. दिंद्रुडची एक थकलेली बाई हात आडवा धरून नको म्हणत होती, तिच्या हाताखालून त्यानं बुंदी सोडली आणि ती शिवी देऊन हसली. रांगेच्या टोकाला, खांबाच्या आडोशाला एक पत्रावळ होती आणि तिच्यापुढं मांडी घालून बसलेल्या माणसानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली होती. गळ्यात तुळशीची माळ. वरणभात निम्मा संपलेला. नवनाथ पळी भरून वाकला आणि तसाच राहिला.

‘अण्णा.’

‘वाढ की बे,’ बंकट म्हणाला, ‘बगतो काय.’

पळी कलंडली. थोडी बुंदी भातात पडली. ‘तू येणार नव्हतास.’

‘न्हवतोच.’ अण्णानं भातातली बुंदी बोटानं बाजूला केली, तोंडात टाकली, बरी आहे की नाही ते पाहिलं. ‘सकाळी गडावर गेलतो. देवाला इचाराया. जावं का न जावं.’ शेजारी बसलेल्या दिंद्रुडच्या म्हाताऱ्यानं त्याच्यापुढं पाण्याचा तांब्या सरकवला. अण्णानं तो उचलला, वरून घटाघटा प्याला आणि मिशी पुसली.

‘मग? काय म्हणाला?’ नवनाथनं विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला हे उत्तर खरोखर हवं होतं.

‘इचारलंच न्हाई,’ अण्णा म्हणाला. ‘दारातनंच माघारी फिरलो. म्हनलं, येखांद्यावेळी नको म्हनला तर?’ आणि त्यानं पत्रावळ दोन्ही हातांनी पुढं केली. ‘घाल आजून. हात आखडू नको.’